फुंकलंच नाही तर?

विषय बंड्याने काढला. शनिवारी रात्री नाकाबंदीत त्याच्या पुढच्या गाडीवाल्याने श्वासातली दारू तपासायच्या नळीला तोंडच लावलं नाही, आणि बंड्याला ते फारच आवडलं होतं. "फुंकलंच नाही तर आकडा येणार कुठून? आकडा नाही, केस नाही."

पिठाच्या बंद गिरणीच्या पायरीवर आम्ही चौघं. आमचा वकील (कोर्टात ज्युनिअर, कट्ट्यावर सीनियर) म्हणाला, "पुढे काय झालं ते बघितलंस का?"

"मला सोडलं, मी निघालो."

"तेच तर. मोटार वाहन कायदा, कलम 203. प्यायल्याचा रास्त संशय असेल आणि माणूस फुंकत नसेल, तर वॉरंटशिवाय उचलता येतं. पोलीस ठाण्यात परत एकदा फुंकायची संधी द्यावी लागते. तिथेही नाही म्हटलंस तर डॉक्टरला बोलावून रक्त मागतात."

"रक्तालाही नाही म्हणेन!"

"म्हण की. मग कलम 205. वाजवी कारण नसताना नकार दिलास, तर कोर्ट तो नकार तुझ्याविरुद्धच्या पुराव्याला टेकू म्हणून धरू शकतं."

"माझ्यासारखा दमेकरी असला तर?" वामनकाका.

"ते वाजवी कारण, काका. पण ते दाखवावं लागेल."

मला तो 'टेकू' खटकला. टेकू द्यायला आधी भिंत तरी हवी. कलम 185 ला, म्हणजे पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्याला, 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅमच्या वर दारू लागते, आणि नेमका तो आकडाच हातात नाही. नुसता वास आणि झोकांड्या यांवरून माणूस प्यायलेला होता असं खात्रीने म्हणता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1971 मध्येच सांगितलंय. म्हणजे बंड्या अगदीच येडा नाही, असं मी म्हणालो. बंड्याने लगेच टाळीसाठी हात पुढे केला.

वकील गप्प झाला. हे क्वचित घडतं.

मग म्हणाला, "इंग्लंडचा रस्ते वाहतूक कायदाही आपल्यासारखा 1988 चाच. तिथे पोलीस ठाण्यात विनाकारण नमुना नाकारणं हाच वेगळा गुन्हा. प्यायला होतास की नाही हा प्रश्नच नाही, गाडी चालवत असलास तर साधारणपणे किमान 12 महिने गाडी चालवायला बंदी. आपल्याकडे ते कलमच नाही."

"बघ!"

"थांब. दिल्लीत 2007 मध्ये इंडिया गेटजवळ एक पोर्शे धडकून जळाली. ना श्वासाची चाचणी, ना रक्ताची. मालकाने विमा मागितला. 2021 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, चाचणी झाली नसली तरी विमा कंपनी बाकीच्या पुराव्यावर प्यायल्याचं सिद्ध करू शकते. दावा गेला. सगळी पोर्शे!"

"ती पोर्शे होती रे. माझी अ‍ॅक्टिव्हा आहे."

"तिचा विमा भरलायस का?"

बंड्या चहाचे पैसे द्यायला उठला.