सोसायटीचा अध्यक्ष व्हा, व्हिजन बाळगा!

अभिनंदन! तुम्ही अध्यक्ष झालात. इमारत चाळीस वर्षांची, स्लॅब गळतोय, गच्चीत पिंपळ उगवलाय. म्हणजे आता इमारत पाडून नवी बांधायची, पुनर्विकास करायचा. त्यासाठी तुम्हाला व्हिजन हवं. परवाच्या विशेष सभेत दोन तास ज्याच्या स्लाइड्स बघाव्या लागल्या, तसं.

पहिलं काम, चित्र छापून घ्या. बावीस मजले, वर जलतरण तलाव, खाली नारळाची झाडं. समोरचा रस्ता 9 मीटरचा आहे की 18 मीटरचा, हे विचारत बसू नका. मजले त्यावरच ठरतात, पण चित्रात रस्ता दिसतो कुठे? आणि इमारत विलेपार्ले किंवा कुर्ल्यात असेल, तर विमानतळामुळे उंचीवर मर्यादा असते, हा तपशील सभासदांना नको. विमान खिडकीतून जवळून दिसेल, एवढं सांगा.

फीझिबिलिटी रिपोर्ट, म्हणजे या जागेवर काय आणि किती बांधता येईल त्याचा अहवाल, नंतर. आधी बिल्डर ठरवा, मग त्याच्याच ओळखीचा पीएमसी, म्हणजे सोसायटीच्या बाजूनं प्रकल्प बघणारा सल्लागार, नेमा.

कन्व्हेयन्सचा, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करण्याचा, विषय कोणी काढला तर 'होऊन जाईल' म्हणा. प्रॉपर्टी कार्डावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, अजून मूळ मालकाचंच नाव असलं म्हणून काय झालं? जमीन जाणार कुठे?

आता मुख्य गोष्ट, क्षेत्रफळ. इथे खरं नेतृत्व लागतं. '30 टक्के जास्त' असं मोठ्या अक्षरात लिहा आणि कशावर 30 टक्के, ते मात्र लिहू नका. जुनं घर 450 चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंती वगळून चालायची जागा. त्यात 30 टक्के मिळवले की 585. टाळ्या! पण नव्या करारात शब्द असतो 'रेरा कार्पेट', आणि रेरा या घरबांधणी व्यवसायाच्या कायद्यातल्या व्याख्येत घरातल्या आतल्या भिंतीसुद्धा मोजतात. त्या भिंतींनी 25 फूट खाल्ले की पायाखाली उरले 560. वाढ झाली 24 टक्के. बाकीच्या 6 टक्क्यांवर कॅलेंडर टांगा. आणि हे 30 टक्के म्हणजे बिल्डरचं दान अशा थाटात हात जोडून सांगायचं! मुंबईत पुनर्विकासात जुन्या सभासदांच्या क्षेत्रावर 35 टक्के फंजिबल एफएसआय, म्हणजे वरचं जादा बांधकाम करायची परवानगी, प्रीमियम न भरता मिळतो. नियमातच आहे ते. त्या एफएसआयसाठी बिल्डरच्या खिशातून एक पैसा जात नाही आणि आपण त्याला शाल-श्रीफळ देतो! एकानं तरी विचारलं का, की आमच्या नावावरचे उरलेले 5 टक्के गेले कुठे? विचारलं तर 'तुम्ही नेहमीच निगेटिव्ह'. आकडे विचारणं म्हणजे निगेटिव्ह?

पुनर्विकास ठरवायच्या सभेचा कोरम दोनतृतीयांश लागतो. भरला नाही तर रजिस्टर घेऊन घरोघरी सह्या गोळा करा.

बांधकाम चालेल तोवरच्या भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक, वर्षाला किती वाढ, कॉर्पसची एकरकमी रक्कम कधी, असल्या क्षुद्र गोष्टी बिल्डरवर सोडा. सरकारच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत प्रकल्पखर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटी आहे खरी, पण विश्वास नावाची काही चीज असते की नाही!

आणि आयओडी, म्हणजे महापालिकेची बांधकामाची पहिली मंजुरी, हातात येण्याआधीच घरं रिकामी करायला लावा. सभासद बाहेर पडले की त्यांचा आवाजही खाली येतो.

गोरेगावच्या पत्राचाळीतल्या 672 कुटुंबांनाही असंच छान चित्र दाखवलं होतं. पुनर्विकासाचा करार 2008 चा. पुढे भाडं बंद पडलं आणि माणसं दहा वर्षांहून जास्त काळ स्वतःच्या घराची वाट बघत भाड्याच्या खोल्यांत राहिली. काही जण ते घर न बघताच गेले.

पुरे झाली थट्टा. अध्यक्षमहोदय, रंगीत चित्राला व्हिजन म्हणत नाहीत. घर कोणत्या व्याख्येनं किती फुटांचं मिळणार, भाडं किती आणि कधीपर्यंत, गॅरंटी कोणत्या बँकेची, ताबा कोणत्या तारखेला आणि उशीर झाला तर दंड किती, हे सगळं एका कागदावर लिहून खाली सही करायची. पुढाऱ्याला पुढचं दिसतं की नाही, ते तिथेच कळतं. तो कागद तुमच्याकडे नाही. मागितला की तुम्ही चिडता. सत्तरी ओलांडलेल्या माणसांना घराबाहेर काढायला निघालात आणि साधं प्रॉपर्टी कार्ड काढून बघितलं नाहीत! लाज वाटू द्या थोडी. पुढच्या सभेला ती स्लाइड आणू नका. कार्डाचा उतारा आणा, त्याच्या प्रती काढा आणि सभेच्या चौदा दिवस आधी प्रत्येकाच्या दारात टाका.