एक्झॉस्ट लावला तरी सनबोर्ड लेझरवर कापू नका

आर्किटेक्चरच्या सबमिशनचे दिवस आले की मॉडेलसाठी लागणाऱ्या सनबोर्डबद्दल (फुगवलेल्या पीव्हीसी प्लास्टिकची हलकी शीट) एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरू लागतो: 'सनबोर्ड लेझरवर बिनधास्त कापा, एक्झॉस्ट चालू ठेवला की झालं. ज्या पीव्हीसी पाइपातून पाणी पितो, तेच हे प्लास्टिक. क्लोरीन वायूची भीती उगाच घालतात. आमचं मशीन अजून ठणठणीत आहे.' वर्कशॉपमध्ये त्या मशीनशेजारी तासन्‌तास उभी असतात ती विशीतली मुलं, म्हणून यातला एकेक मुद्दा तपासायलाच हवा.

पाइपाचं आधी. नळाचं पाणी उन्हाळ्यातही फार तर कोमट असतं, त्याने पीव्हीसीला काही होत नाही. लेझरचा किरण पडतो तिथे मात्र प्लास्टिक क्षणात काही शे अंशांवर जाऊन जळतं. पीव्हीसीच्या वजनात सुमारे 57 टक्के क्लोरीन असतं आणि इतक्या उष्णतेत ते धरून ठेवणं त्याला जमत नाही.

क्लोरीन वायूबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. निघतो तो मुख्यतः हायड्रोजन क्लोराइड, क्लोरीन नव्हे. पण म्हणून जीव भांड्यात पडायचं कारण नाही. हा वायू नाका-घशातल्या ओलाव्यात विरघळला की त्याचं हायड्रोक्लोरिक ॲसिड होतं. खोकला आणि जळजळ लगेच सुरू होते. जास्त वायू छातीत गेला, तर फुप्फुसात पाणी होण्याचा धोका काही तासांनंतरही असतो. एन-95 मास्क धूळ अडवतो, वायू अडवत नाही.

आता एक्झॉस्ट. इथे हिशेबच मांडू. 3 मिलिमीटर जाडीच्या सनबोर्डवर एकूण 10 मीटर लांबीचे काप घेतले. खिडक्या-जाळ्यांच्या एका मॉडेलला एवढे सहज लागतात. कापाची रुंदी 0.2 मिलिमीटर धरली, तर साधारण 3 ग्रॅम माल जळतो. शुद्ध पीव्हीसी असेल तर त्यातून पावणेदोन ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड निघू शकतो. शीटमधल्या खडूच्या भरणीसाठी अर्धा वजा करा. उरलेला 10 बाय 10 फुटांच्या, तेवढ्याच उंच खोलीत पसरला, तर प्रमाण दहा लाखांत 20 भागांच्या आसपास जातं. अमेरिकेत कामगारांसाठी ठरलेली कमाल मर्यादा 5 भागांची आहे, तीही क्षणभरसुद्धा ओलांडायची नाही अशी. एक्झॉस्ट यातला बराच वायू ओढेल, हे मान्य. पण झाकण उघडताना जो बाहेर येतो, तो थेट मुलाच्या तोंडावर येतो. आणि पाइपातून बाहेर सोडलेला वायू नाहीसा होत नाही. वर्कशॉपच्या मागच्या खिडकीत कुणीतरी राहत असतं.

'मशीन ठणठणीत' हेही थोड्याच दिवसांचं. ॲसिडचा हा वाफारा आधी रेल आणि बेअरिंगवर गंज चढवतो, मग आरसे आणि लेन्स धुरकट करतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हवा आधीच दमट, तिथे हे जास्तच लवकर होतं.

शीट कसली आहे याची खात्री नसेल, तर तांब्याची उघडी तार पकडीत धरून ज्योतीत तापवा, ज्योतीला रंग येईनासा झाला की गरम टोक शीटच्या कडेला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत न्या. ज्योत हिरवीगार झाली, तर ती शीट लेझरवर घालू नका. ही चाचणी उघड्यावर, कणभर तुकड्यावरच करायची. पाण्यात बुडतं का बघून ओळखायची युक्ती इथे फसवते: भरीव पीव्हीसी बुडतं, सनबोर्ड फुगवलेला असल्याने तरंगतो. रेक्झिन आणि विनाइल स्टिकरही तपासल्याशिवाय मशीनवर चढवू नका.

तसंही सनबोर्डला लेझरची गरजच कुठे आहे? नवीन पात्याचा कटर, स्टीलची पट्टी आणि दोन-तीन हलके हात, एवढ्यात सरळ काप स्वच्छ निघतो. बारीक जाळी किंवा गोलाई हवी असेल तर ॲक्रिलिक किंवा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) घ्या. सनबोर्डच हवा असेल तर तो सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या, फिरत्या पात्याने कापणाऱ्या मशीनवर द्या.