ग्रीक अर्थ पाठ केला म्हणून मूलद्रव्याचे गुणधर्म कळत नाहीत

दहावीच्या सराव परीक्षा तोंडावर आल्या की नाशिकमधल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: ‘सगळ्या मूलद्रव्यांची नावं ग्रीक आहेत. अर्थ पाठ करा, गुणधर्म आपोआप लक्षात राहतील. ऑक्सिजन म्हणजे आम्ल तयार करणारा, म्हणून प्रत्येक आम्लात तो असतोच. नावाच्या शेवटी -इयम आलं की धातू.’ यावर विसंबून उत्तरं लिहिली तर मार्क हमखास जातील.

‘सगळी नावं ग्रीक’ हे पहिल्याच तपासात टिकत नाही. पोलोनियम पोलंडवरून, क्युरियम क्युरी दांपत्यावरून. यट्रियम, टर्बियम, एर्बियम आणि यटर्बियम ही चारही नावं स्वीडनमधल्या यटरबी या एकाच गावावरून पडली. चिन्हांचंही तसंच: लोखंडाचं ‘एफई’ आणि शिशाचं ‘पीबी’ लॅटिनमधून आलं, पोटॅशियमच्या ‘के’चं मूळ अरबी. पाऱ्याचं ‘एचजी’ मात्र खरोखर ग्रीक धाटणीचं: पाण्यासारखी वाहणारी चांदी.

ऑक्सिजनचं नाव ही फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएची १७७७ सालची समजूत आहे. आम्लपणा याच वायूमुळे येतो असं त्याला वाटलं. १८१० मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ डेव्हीने क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचं दाखवलं आणि ती समजूत कोसळली, कारण हायड्रोक्लोरिक आम्लात फक्त हायड्रोजन आणि क्लोरीन असतात. पाण्यात आम्लपणा येतो तो हायड्रोजन आयनांमुळे. पेपरात हेच लिहायचं.

-इयमचा नियम हेलियमपाशीच अडतो. १८६८ च्या सूर्यग्रहणानंतर सूर्याच्या वर्णपटातल्या एका अनोळखी पिवळ्या रेषेवरून, हा धातू असावा अशा समजुतीने खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने ते नाव दिलं. १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीला हेलियम पृथ्वीवर मिळाला तो निष्क्रिय वायू म्हणून. चंद्रावरून नाव पडलेलं सेलेनियमही अधातूच.

सर्वांत जास्त घोळ ‘गुणधर्म आपोआप’ या वाक्यात आहे. आयोडिन म्हणजे जांभळा, हे खरं. पण कशाचा रंग? १८११ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ कुर्तुवाने समुद्री शेवाळाच्या राखेत सल्फ्युरिक आम्ल घातलं तेव्हा जांभळी वाफ उठली, नाव त्या वाफेचं. शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षक समोर असताना, कोरड्या परीक्षानळीत आयोडिनचे दोनच स्फटिक टाका, तोंडाशी कापसाचा सैल बोळा लावा, खिडक्या उघडा आणि मंद आच द्या. स्फटिक काळसर करडे, वाफ जांभळी, आणि नळीच्या थंड भागावर पुन्हा चकचकीत काळे कण. नळी ओली असेल किंवा आच जास्त झाली तर हे नीट दिसत नाही. त्याच आयोडिनचं अल्कोहोलमधलं द्रावण, म्हणजे टिंक्चर, तपकिरी, स्टार्चबरोबर गडद निळं. नुसतं ‘जांभळा’ पाठ केलेलं मूल टिंक्चरचा रंग चुकवतं.

फॉस्फरस म्हणजे प्रकाश वाहणारा. अंधारात मंद चमकतो तो पांढरा फॉस्फरस, हवेतल्या ऑक्सिजनशी अभिक्रिया होत असल्यामुळे. तांबडा तसा चमकत नाही. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत जाणारं ०:५२:३४ (नत्र:स्फुरद:पालाश) खत तर अजिबातच नाही, कारण त्यातला फॉस्फरस आधीच ऑक्सिजनशी बांधलेला, फॉस्फेटच्या रूपात असतो. पिशवीवरचा ५२ हा आकडाही नुसत्या फॉस्फरसचा नाही, फॉस्फरस पेंटॉक्साइड या ऑक्सिजनबरोबरच्या संयुगाच्या हिशेबाचा आहे. त्याला ०.४३६ ने (त्या संयुगातल्या फॉस्फरसच्या वजनी वाट्याने) गुणलं की मूलद्रव्य म्हणून फॉस्फरस निघतो साधारण २२.७ टक्के.