मार्टिन बेक संपला, आता पुढे काय?

स्वीडिश पोलीस तपास अधिकारी मार्टिन बेकच्या दहाही रहस्य कादंबऱ्या वाचून झाल्या असं कुठे बोललं, की सल्ला ठरलेला: हेनिंग मॅन्केल घे, त्याचा पोलीस नायक वॉलँडर सुरू कर. तेही स्वीडन, तीच थंडी, तसाच पोटदुखीने आणि संसाराने वैतागलेला पोलीस. पुस्तकं विकणारी संकेतस्थळंही हेच पुढे करतात. मला हा शुद्ध आळस वाटतो. देश जुळला म्हणजे चव जुळली, असं थोडंच असतं?

आधी हे पाहावं की चुटपुट नेमकी कशाची लागली आहे. मला तरी खुनांची नाही लागली. अर्ध्याअधिक कादंबऱ्यांतले खुनी आता नीट आठवतही नाहीत. आठवतं ते पथक. जुनं प्रत्येक प्रकरण डोक्यात साठवून ठेवणारा आणि हवा असेल तेव्हा नेमका संडासात असणारा मेलांडर. महागडे कपडे घालून लोकांची दारं फोडणारा गुनवाल्ड लार्सन. पिस्तूल बाळगायला नकार देणारा, खाण्यावर प्रेम करणारा कोलबर्ग. त्यात लार्सन आणि कोलबर्गचं एकमेकांशी मुळीच पटत नाही, तरी तपास दोघांनी मिळूनच करायचा. ‘रोझाना’ या कादंबरीत कालव्याच्या गाळातून एका बाईचं प्रेत निघतं आणि ती कोण होती एवढं कळण्यातच कितीतरी पानं, कितीतरी आठवडे जातात. फोन, पत्रं, वाट बघणं. कुणाला हे कंटाळवाणं वाटेल, मला तेच हवं असतं.

बेकचे लेखक मॅय शोवाल आणि पेर वालो हे जोडपं रात्री मुलं झोपली की प्रकरणं वाटून घेऊन लिहायला बसायचं. दोघंही पक्के डावे. १९६५ ते १९७५ या काळात दहा पुस्तकं, पण सगळी मिळून एकच मोठी कादंबरी, असा त्यांचा बेत होता. शेवटचं पुस्तक आलं त्याच वर्षी वालो वारले. म्हणजे अकरावं पुस्तक कधी येईल ही आशाही नको.

तर माझं उत्तर: एड मॅकबेन. अमेरिकन, त्यामुळे यादीत सहसा खाली ढकलला जातो. पण या जोडप्याने मॅकबेनच्या काही कादंबऱ्या स्वतः स्वीडिशमध्ये आणल्या होत्या. लेखकाने जे हौसेने भाषांतराला घेतलं, त्याहून चांगली शिफारस कुठली? १९५६पासून २००५पर्यंत चाललेली ही ८७व्या पोलीस ठाण्याची मालिका, पन्नासहून जास्त कादंबऱ्या. शहर काल्पनिक, पण न्यूयॉर्क ओळखू येतं. कॅरेला, मायर मायर, क्लिंग. नायक कुणी एक नाही, अख्खं ठाणं. जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा ‘हाय अँड लो’ हा चित्रपट पाहिला असेल, तर तुम्ही मॅकबेनच्या अंगणात आधीच जाऊन आला आहात, तो याच मालिकेतल्या कादंबरीवरून केलेला आहे. स्वीडनमधलं राजकारण मात्र इथे शोधू नका. मॅकबेन चटपटीत आहे, कधीकधी जरा जास्तच.

एका मैत्रिणीने सत्यजित राय यांचा बंगाली गुप्तहेर फेलूदा सुचवला. अशोक जैन यांच्या मराठीतून तो वाचलाय आणि मला प्रिय आहे. गंमत म्हणजे फेलूदाही १९६५चाच. पण तिथे तल्लख खाजगी गुप्तहेर, कौतुकाने बघणारा चुलतभाऊ आणि सोबत रहस्यकथाकार लालमोहनबाबूंची धमाल. बेकची भूक तिथे भागत नाही, वेगळीच भागते. जॉर्ज सिमेनॉनचा फ्रेंच पोलीस अधिकारी मेग्रे त्यामानाने जवळचा: पाइप, बिअर, धीर धरून बसणं. फक्त तिथे सगळं मेग्रेभोवती फिरतं, सहकारी मागे राहतात.

आणि मॅन्केल? वाचाच, पण मध्ये काही महिने जाऊ द्या. लागलीच घेतलात तर वॉलँडरची बेकशी तुलना करत बसाल आणि त्या बिचाऱ्यावर अन्याय होईल. १९९१च्या पहिल्या कादंबरीत शेतावरच्या म्हातारा-म्हातारीवर हल्ला होतो, मरताना ती ‘परदेशी’ एवढंच बोलते, आणि निर्वासितांविरुद्ध सगळा भाग पेटतो. शोवाल-वालोंनी ज्या स्वीडनवर तोंडसुख घेतलं होतं, त्याचं पुढे काय झालं ते इथे दिसतं. म्हणून ते बेकनंतरच वाचावं, पण मध्ये मॅकबेनची चार-पाच तरी होऊ द्या.