दारात पाणी नको

आम्ही सोलापुरात आलो त्याला सासूबाईंनी देवीला घातलेलं एक गाऱ्हाणं कारणीभूत आहे. लोकांना मी ‘पर्मनंट नोकरी लागली म्हणून आलो’ असं सांगते, पण ते आपलं कागदोपत्री कारण.

22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठी शहरात शिरली, तेव्हा आम्ही चौघं वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या जिन्यात बसून आमचा फ्रिज आमच्याच हॉलमध्ये पोहताना बघत होतो. नवऱ्याचं झेरॉक्सचं दुकान तर पाटीसकट पाण्याखाली. पाणी ओसरलं, चिखल उपसून झाला, आणि सासूबाई तडक गावी ग्रामदेवीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. “आई, आजवर काही मागितलं नाही. आता एवढंच कर, पुन्हा आमच्या दारात पाणी आणू नकोस.” गुरवाने कौल लावला. कळी उजवीकडची पडली. देवीला मान्य.

देवीने त्यावर पुढे काय करावं, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. चूक तिथेच झाली.

मी भूगोलाची प्राध्यापक. म्हणजे तशी अकरा वर्षं तासिका तत्त्वावर. तासिका तत्त्वाचा माणूस जूनमध्ये जन्मतो आणि मार्चमध्ये मरतो; पुनर्जन्म पुढच्या जाहिरातीवर अवलंबून. एवढ्या वर्षांत मुलाखती इतक्या दिल्या की समितीतले तज्ज्ञ मला नावाने ओळखू लागले होते आणि मी त्यांना त्यांच्या ठरलेल्या प्रश्नावरून. सोलापूरच्या एका अनुदानित महाविद्यालयाची जाहिरात आली तेव्हा मी सवयीने अर्ज केला, सवयीने गेले, सवयीने परत आले. आणि नेमणुकीचं पत्र आलं. पैशाची गोष्ट कोणी काढलीसुद्धा नव्हती. आमच्या क्षेत्रात देव असल्याचा याहून मोठा पुरावा मिळत नाही.

“तिने ऐकलं,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, ही नोकरी आहे. तुम्ही पुराचं मागितलं होतं.”

“तेच म्हणते मी. सोलापुरात पूर येतो का?”

मी गप्प बसले. अकरा वर्षं मी भिंतीवरच्या नकाशात सह्याद्रीच्या उजवीकडे डस्टर टेकवून ‘हा पर्जन्यछायेचा प्रदेश’ असं शिकवत आले. चिपळुणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, सोलापुरात सहाशेच्या आसपास. आता त्या डस्टरखाली राहायला मीच निघाले होते.

त्यातून सासूबाईंना आणखी एक खूण सापडली. पुरानंतर मदतीच्या सामानात आम्हाला दोन सोलापुरी चादरी मिळाल्या होत्या. “बघ, तेव्हाच निरोप पाठवला होता,” असं म्हणून त्यांनी त्या ट्रंकेतून काढल्या आणि एकीत देव बांधले. देव ट्रकमध्ये टाकायचे नाहीत, मांडीवर न्यायचे, असं ठरलं. नवरा दुकानासाठी चिपळुणातच राहणार, पंधरा दिवसांनी येऊन जाणार. मी, सहावीत जाणारी मुलगी, सासूबाई आणि मांडीवर देव असा संसार पुढे, मागून ट्रक.

जुन्या कॉलेजातून सुटणं मात्र कौलाइतकं सोपं नव्हतं. ‘बाकी नाही’चा दाखला घ्यायला गेले तर ग्रंथालयात माझ्या नावावर हवामानशास्त्राचं एक पुस्तक निघालं. पुरात वाहून गेलेलं. ढगांवरचं पुस्तक पाण्यात जावं यात काव्य होतं, पण ग्रंथपालांनी काव्य न बघता किंमत लावली.

कुंभार्ली घाट चढताना मनात आलं, कोयना आपली पूर्वेला वाहणारी नदी, पण तिचंही पाणी वीज करून झाल्यावर पोफळीकडून आमच्या वाशिष्ठीत येतं. नदीसुद्धा कोकणात उतरते, आणि उलट्या दिशेने सामान घेऊन निघालेली बहुधा मी एकटीच. कराड मागे पडलं तसा खिडकीतून येणारा वारा कोरडा झाला, पंढरपुरात सासूबाईंनी गाडीतूनच हात जोडले, मोहोळनंतर मुलीने विचारलं, “मम्मी, झाडं कुठे गेली?”

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. पारा 43 वर. कोकणात घाम येतो आणि राहतो; इथे घाम यायच्या आधीच वाळत होता. आमच्या ट्रकमधून मात्र ओळीने उतरत होत्या सहा छत्र्या, चार रेनकोट, ताडपत्री, गॅलरीला लावायची प्लॅस्टिकची झड आणि कपड्यांना बुरशी लागू नये म्हणून घेतलेल्या डांबरगोळ्यांची दोन किलोची पिशवी. खालच्या मजल्यावरच्या अक्का दारात उभ्या राहून बघत होत्या. घरात तेलुगू, रस्त्यावर कन्नड आणि आमच्याशी मराठी बोलणाऱ्या या अक्का पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातल्या. सासरी तीन पिढ्या माग होता. सगळं सामान आत गेल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“बॅरल कुठंय?”

“कसलं बॅरल?”

अक्कांनी माझ्याकडे ज्या करुणेने पाहिलं, ती मी पूर्वी फक्त पूरग्रस्तांच्या वाट्याला आलेली पाहिली होती.

आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. कधी येतं? ते येतं तेव्हा कळतं. घरमालकांनी घर दाखवताना ‘पाण्याचा काही प्रश्न नाही’ म्हटलं होतं, ते खरंच होतं. प्रश्न नव्हताच, सगळ्यांना उत्तर माहीत होतं. त्या संध्याकाळी मी दोनशे लिटरचे दोन निळे बॅरल, पन्नास फूट पाईप आणि अक्कांच्या शिफारशीवरून दोन मोठी पातेली घेतली. सासूबाई देव मांडत होत्या. त्यांना पाण्याचं वेळापत्रक सांगितलं. हातातला बाळकृष्ण तसाच धरून त्या बराच वेळ थांबल्या.

“म्हणजे दारात पाणी येतच नाही?”

“नाही.”

“तिने शब्दशः घेतलं गो,” त्या हळूच म्हणाल्या.

रुजू व्हायला गेले तिथे माझ्या पदवी प्रमाणपत्रावरून गर्दी जमली. ते पुरातून वाचलेलं, इस्त्री फिरवूनही पापडासारखं. ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी ते उलटसुलट केलं.

“मॅडम, ह्याला काय झालंय?”

“पुरात भिजलं.”

“पुरात!” त्यांनी शेजारच्या टेबलावरच्यांना हाक मारली, शिपाईमामा आले, लायब्ररीतून एकजण खास बघायला आला. “आमच्याकडं कागद उन्हानं पिवळा पडतो मॅडम. भिजलेला पहिल्यांदाच बघुलालो.” माझी एम.ए.ची प्रथम श्रेणी कोणी वाचली नाही, पण पाण्याची रेघ कुठपर्यंत आली होती ते सगळ्यांनी बोट लावून पाहिलं. मग चहा आला, चहाबरोबर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आली, आणि मस्टरवर सही करायच्या आधीच मी त्या कॉलेजची झाले. हे मात्र कोकणात होत नाही. आमच्याकडे आधी अकरा वर्षं बघतात.

मुलगी आठ दिवसांत सोलापूरकर झाली. बापाला फोनवर “पप्पा, काय करलालाव बे?” म्हणाली, तेव्हा तिकडून बराच वेळ नुसता झेरॉक्स मशीनचा आवाज ऐकू येत होता.

सासूबाईंना करमावं म्हणून एका सोमवारी सिद्धेश्वराला घेऊन गेले. भर शहरात तलाव आणि तलावात मंदिर. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून हा तलाव खोदला असं सांगतात. सासूबाई कठड्याशी उभ्या राहून पाण्याकडे बघत राहिल्या. “देवाला पाण्यात ठेवलंय आणि माणसांना कोरडं,” त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, “पण हा शहाणा. याने नुसतं मागितलं नाही, आधी खोदलं.”

मी स्वतः त्या काळात वर्तमानपत्रावर श्रद्धा ठेवून होते. इथे लोक सकाळी राशिभविष्याच्या आधी उजनी धरणाची टक्केवारी वाचतात. आणि ती वजा असते. उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातलं पाणी घ्यायला लागले की टक्केवारी शून्याच्या खाली जाते, हे मी सासूबाईंना नीट आकृती काढून समजावलं.

“म्हणजे उधारीवर चाललंय,” त्या म्हणाल्या.

“तसं म्हणा.”

“मग एवढं काय घाबरतेस? अकरा वर्षं तूही उधारीवरच होतीस.”

याला भूगोलात उत्तर नाही. जे उत्तर होतं ते पुढच्या महिन्यात आलं. सोलापूरच्या आभाळात ढग येऊन नुसते बघून जात होते आणि उजनी मात्र चढत होती, कारण पाऊस पडत होता तिकडे पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावर. सह्याद्रीच्या धारेवर पडलेला एक थेंब डावीकडे कलंडला तर कोकणात, उजवीकडे कलंडला तर भीमेतून उजनीत. उजनीतला थेंब पाइपांतून शंभरेक किलोमीटर येऊन गल्लीच्या नळाचं पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याच्या मर्जीने आमच्या बॅरलमध्ये. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्यांना थेंबाचं काही वाटलं नाही. ‘उजवीकडे’ हा शब्द तेवढा त्यांनी उचलला. “कौल,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा भाजी निवडू लागल्या.

चावीवाला हा मनुष्य मी अजून पाहिलेला नाही. त्याला कोणीच पाहिलेलं नाही असं अक्का सांगतात. तो येतो, चावी सोडतो, जातो. उरते ती फक्त त्याची करणी.

परवा पहाटे सव्वादोनला खालून अक्कांची हाक आली, “नळ आलाऽऽ!” पूर्ण गल्लीत दिवे लागले. मी पाईप घेऊन धावले. दहा मिनिटांनी वळून बघते तर सासूबाई बॅरलसमोर हात जोडून उभ्या. मागच्या वेळची चूक या वेळी करायची नव्हती.

“बारा वाड्यांच्या, बारा वेशींच्या आई म्हाराजा,” त्यांनी सुरुवात केली, “मागे लेकराने अडाण्यासारखं मागितलं ते पोटात घाल. पाणी दे. पण बॅरलच्या काठाखाली चार बोटं एवढंच दे. दिवसाआड दे. मध्यरात्री देऊ नको, संध्याकाळी सहाला दे, सुनेचं कॉलेज सुटल्यावर. चिपळुणात कमी कर, इथे थोडं वाढव, आणि झेरॉक्सच्या दुकानात अजिबात देऊ नको म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं. गाऱ्हाण्याला कोणीतरी म्हणावं लागतं. दोन्ही हातांनी पाईप धरून म्हटलं एवढंच.

मुलगी डोळे चोळत बाहेर आली. “मम्मी, बघ ना बे!”

गाऱ्हाण्याच्या नादात पहिलं बॅरल कधीच भरलं होतं. पाणी काठावरून उतरून, मोरी ओलांडून, हॉलमधून सावकाश पुढच्या दाराकडे निघालं होतं. खालून अक्का तेलुगूत ओरडत होत्या. सासूबाईंनी निऱ्या उचलल्या, उंबऱ्यापर्यंत पोचलेल्या पाण्याकडे पाहिलं, आणि देव्हाऱ्याकडे वळून म्हणाल्या, “हे धरायचं नाही हां.”