प्रीमियर बिघडलं म्हणून अँटिव्हायरस बंद करू नका

एडिटिंग करणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या ॲडोबी कंपनीच्या प्रीमियर या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरबद्दल एक मेसेज फिरतोय. "अपडेटनंतर प्रीमियर क्रॅश होतंय? कंपनी मुद्दाम जुने पीसी मारते. रजिस्ट्री क्लीनर चालवा, कॅशेचं अख्खं फोल्डर उडवा, अपडेट कायमचं बंद करा. अँटिव्हायरस बंद करून खालच्या लिंकवरून जुनं फुल व्हर्जन टाका, क्रॅकला तो उगाच व्हायरस समजतो." लालबागला लग्नांचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या माझ्या भाच्याने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, करून बघू का?"

अजिबात नाही. शेवटचा मुद्दा सगळ्यात घातक आहे, म्हणून तोच आधी घेतो.

क्रॅकला, म्हणजे पैसे न भरता चालावी म्हणून कुलूप तोडलेल्या आवृत्तीला, अँटिव्हायरस 'उगाच' अडवतो, हे साफ खोटं. स्टॉप नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, मुख्यतः क्रॅक आणि खोट्या लायसन्स-की बनवणाऱ्या की-जनरेटरमधूनच पसरलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीने त्यावर फाइली परत उघडणारा मोफत डिक्रिप्टर काढला तेव्हा त्याचे १६० प्रकार माहीत होते आणि त्यातले १४८ सोडवता येत होते. नंतरच्या प्रकारांत बहुतेक वेळा प्रत्येक मशीनची चावी वेगळी असते आणि ती गुन्हेगारांच्या सर्व्हरवर असते. ती मिळाल्याशिवाय फाइल उघडत नाही. प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची टेक्स्ट फाइल येऊन पडते: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर ४९०.

आता लग्नसराईतलं काम डोळ्यांसमोर आणा. दादरच्या हॉलमधलं फुटेज हार्ड डिस्कवर उतरवलं, दुसऱ्या दिवशीच्या शूटसाठी कार्ड फॉरमॅट केलं. ती डिस्क पीसीला जोडलेली असेल तर तीही लॉक होते. सप्तपदी काय पुन्हा शूट करणार? नवरीच्या आईला काय सांगणार? सॉफ्टवेअर फुकट हवं असेल तर दाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती आहे, अधिकृत, अल्ट्रा एचडीपर्यंत एक्स्पोर्ट देते. आणि प्रीमियरची वर्गणी भरत असाल तर मागची आवृत्ती क्रिएटिव्ह क्लाउड ॲपमध्येच मिळते. लिंक कशाला हवी?

रजिस्ट्री क्लीनरचं, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही 'साफ' करणाऱ्या प्रोग्रामचं, तर नावच काढू नका. असली साधनं वापरण्याला आपला पाठिंबा नाही, असं खुद्द मायक्रोसॉफ्टने जाहीर केलंय.

कॅशेचा, म्हणजे काम जलद व्हावं म्हणून प्रीमियर बनवून ठेवतं त्या तात्पुरत्या फाइलींचा, मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, हे मान्य करावं लागतं. अपडेटनंतर जुना कॅशे खरंच त्रास देतो. आवाजाचा आलेख (वेव्हफॉर्म) दिसत नाही, क्लिप लाल होते. पण तो प्रेफरन्सेसमधल्या 'मीडिया कॅशे'तून साफ करायचा, फोल्डर हाताने उडवायचं नाही. कॅशे आणि फुटेज शेजारी ठेवलं की काय होतं, ते २०१७ मध्ये दिसलं. प्रीमियरच्या एका आवृत्तीत कॅशे साफ करताना शेजारच्या मूळ फाइलीही गेल्या, आणि २०१८ मध्ये एका व्हिडिओग्राफरने कंपनीवर दावा ठोकला. ती चूक दुरुस्त झाली. तरी कॅशेला स्वतंत्र फोल्डर द्या.

कंपनी पीसी मारते? नव्या आवृत्तीला ताकद जास्त लागते, एवढंच. प्रीमियरला किमान ८ जीबी रॅम लागते, एचडीसाठी १६, ४के साठी ३२ सांगितलेली आहे. नव्या पीसीसाठी लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार गाठण्याआधी हे करून बघा. रिकामं प्रोजेक्ट उघडून त्यात एकच क्लिप टाका. ते नीट चाललं तर दोष जुन्या प्रोजेक्टमध्ये, मग ते नव्यात इम्पोर्ट करा. रिकामं प्रोजेक्टही अडलं तर ऑल्ट दाबून ठेवून प्रीमियर सुरू करा आणि प्रेफरन्सेस रीसेट करा. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये रेंडरर (चित्र तयार करणारं इंजिन) 'सॉफ्टवेअर ओन्ली' केल्यावर क्रॅश थांबला, तर संशय ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरवर. एन्व्हिडियाचं कार्ड असेल तर गेमसाठीच्या 'गेम रेडी'ऐवजी एडिटिंगसारख्या कामांसाठीचा 'स्टुडिओ' ड्रायव्हर टाका. बाहेरचे प्लगइन, म्हणजे इतरांनी बनवलेली जोडसाधनं, काढून बघायला विसरू नका.

राहिला 'अपडेट कायमचं बंद'. कायमचं नको, पण डिलिव्हरी तोंडावर असताना अपडेट करूच नका, इथपर्यंत पटतं. अपडेट करताना ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधली जुनी आवृत्ती काढून टाकण्याची खूण काढा. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेलं प्रोजेक्ट जुन्यात उघडत नाही, म्हणून आधी प्रोजेक्ट फाइलची कॉपी करून दुसऱ्या डिस्कवर ठेवा. रिझॉल्व्हवाल्यांनी अपडेटआधी, प्रोजेक्ट ज्यात साठतात त्या डेटाबेसचा बॅकअप घ्यावा.