सोळा गावांची खात्रीलायक माहिती

सोलापुरात राहणाऱ्या माणसावर गड्ड्याच्या यात्रेला आलेल्या पाहुण्यांपुढे किंवा सोसायटीच्या स्नेहसंमेलनात गावाच्या नावाची कुळकथा सांगण्याचा प्रसंग आज ना उद्या येतोच, तेव्हा माहिती कोठून उचलावी हे आधीच ठरवून ठेवलेले बरे.

माझे ऐकाल तर सरळ एखादा ब्लॉग उघडावा. ब्लॉगवर लिहिणारा एकटाच असतो आणि एकट्या माणसाचे एकमत फार लवकर होते. ‘सोळा गावे मिळून सोलापूर झाले’ असे त्याने एकदा लिहिले की विषय मिटला. खाली कोणी शंका काढलीच, तर ती पुसून टाकण्याचा अधिकारही त्याचाच. लेखाची तारीख आणि लेखकाचा अभ्यास या गोष्टी पाहू नयेत, उगाच मन कलुषित होते. किल्ल्याचा सूर्यास्ताचा फोटो चांगला असला म्हणजे पुरे.

विकीच्या, म्हणजे विकिपीडियासारख्या कोणीही लिहावे आणि कोणीही खोडावे अशा संकेतस्थळाच्या, वाटेला मात्र जाऊ नये. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिला विकी सुरू केला आणि होनोलुलूच्या विमानतळावरील बसवरून त्याचे नाव ठेवले. हवाई भाषेत ‘विकी’ म्हणजे जलद. नाव फसवे आहे, कारण तेथे शिरलेला माणूस लवकर बाहेर पडत नाही. एखादे वाक्य पटू लागावे तोच त्याच्या शेपटीला ‘संदर्भ हवा’ लटकलेले दिसते, ‘इतिहास पहा’ दाबावे तर कोणी कोणत्या दिवशी कोणता शब्द घातला आणि दुसऱ्याने तो का उडवला याची अख्खी खतावणी उघडते, आणि चर्चापानावर तर घरातले भांडण दार सताड उघडे ठेवून चाललेले असते. त्यातून संदर्भांचा माग काढत गेलात, तर सोलापूरचे ग्रामदैवत असलेल्या सिद्धरामेश्वरांच्या काळातील कोरीव लेखांत हे गाव ‘सोन्नलगे’ होते, पुढे ‘सोनलपूर’ झाले आणि त्याचेच सोलापूर झाले असावे, इथवर जाऊन पोहोचाल. भाषण दोन मिनिटांचे आणि आपण बाराव्या शतकात, अशी अवस्था होते.

शेंगाचटणीच्या बाबतीत नेमके उलट करावे. ब्लॉगवर कोणीतरी बाई सांगत असतात की शेंगदाणे मंद आचेवर भाजून, लसूण, जिरे, तिखट आणि मीठ घालून, उखळात तेल सुटेपर्यंत कुटावेत आणि चटणी मुठीत दाबली तर तिचा गोळा झाला पाहिजे. हे सारे हाताने करून पाहिलेले असते, म्हणजेच छापील पुरावा नसतो. विकिपीडियाला स्वतःचे संशोधन चालत नाही आणि आजी हा प्रकाशित स्रोत नव्हे. म्हणून तेथील दोन ओळी वाचून मिक्सर फिरवावा आणि जो कोरडा भुगा निघेल तो तटस्थ दृष्टिकोनाची चटणी म्हणून कडक भाकरीबरोबर खावा.

तरीही मनात पाल चुकचुकलीच, तर दोन्हीकडे पाहून खात्री करून घ्यावी. ब्लॉगवाल्याने मजकूर विकीवरून घेतलेला असतो आणि कोणा उत्साही माणसाने विकीवर त्याच ब्लॉगचा दाखला जोडलेला असतो. विकिपीडियाच्या नियमांत असे स्वप्रकाशित दाखले सहसा बसत नाहीत, पण नियम काय, वाचले तर! आडात नव्हते ते पोहऱ्यात आले आणि पोहऱ्यातून पुन्हा आडात गेले, एवढे झाले की आपल्याला दोन स्वतंत्र साक्षीदार मिळतात.

आता निर्धास्तपणे माइक हाती घ्यावा. पहिल्या रांगेतले एखादे निवृत्त गुरुजी ‘ती सोळा गावे कोणती?’ असे विचारतीलच. तेव्हा खिशातील प्रिंट काढून आदिलपूर, अहमदपूर, चपळदेव अशी नावे खड्या आवाजात वाचत जावीत. मात्र त्याच यादीत पुढे एक गाव ‘सोलापूर’ असेही लिहिलेले आहे, तेथे आल्यावर पाण्याचा पेला उचलून सावकाश ठसका लावावा.